तळघरातल्या फिती

१९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमधल्या काही दुकानांत एक विचित्र रेकॉर्ड विकायला आली. दोन तबकड्यांचा जोड आणि पांढरं कोरं कव्हर. गायकाचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही, कंपनीचं चिन्ह नाही. पुढे काही प्रतींवर रबरी शिक्क्यानं ‘ग्रेट व्हाइट वंडर’ असे शब्द उमटले आणि तेच तिचं नाव पडलं. गायकाची ओळख मात्र सुई टेकवताच पटायची. तो अनुनासिक, खरखरीत आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

बॉब डिलन तेव्हा २८ वर्षांचा होता. ही रेकॉर्ड त्यानं काढलेली नव्हती, त्याच्या कोलंबिया कंपनीनंही नाही. इकडून तिकडून हाती लागलेल्या टेपांवरून दोन तरुणांनी ती परस्पर छापून घेतली होती. रॉक संगीताच्या जगातली पहिली गाजलेली चोरटी रेकॉर्ड, तिकडच्या भाषेत बूटलेग, ती हीच. चोरी इतकी उघड चालली याला अमेरिकेच्या कायद्यातली एक फट कारण होती. गाण्याच्या शब्दांना आणि चालीला केंद्रीय कायद्याचं संरक्षण होतं, पण गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला नव्हतं. ते मिळालं १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या तारखेनंतर मुद्रित झालेल्या आवाजालाच. तोवर कंपन्यांना राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांवर भिस्त ठेवावी लागे.

लोकगीतांच्या परंपरेतून आलेल्या, स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या गायकांची अप्रकाशित ध्वनिमुद्रणं आज पेट्यापेट्यांनी बाजारात येतात. जाड पुस्तिका, जुने फोटो, १०-१५ सीडी आणि छातीत धडकी भरेल अशी किंमत. कंपन्या हा व्यवहार ‘खजिना रसिकांसाठी खुला’ अशा भाषेत मांडतात. मला या खजिन्याचं दार कुणी उघडलं, यात जास्त रस आहे. कलावंताला आपणहून वाटलं आणि त्यानं कपाट उघडलं, असं फार क्वचित घडतं. दार बहुतेक वेळा बाहेरून ठोठावलं जातं. डिलनच्या बाबतीत पहिली थाप चोरांची होती.

त्या पांढऱ्या रेकॉर्डवर काय होतं ते पाहिलं की अप्रकाशित म्हणजे नेमकं काय, हेही कळतं. काही गाणी डिसेंबर १९६१ मध्ये मिनिआपोलिसला टेप केलेली होती. संग्राहक या टेपला ‘मिनेसोटा हॉटेल टेप’ म्हणतात, पण तिथे हॉटेल वगैरे काही नव्हतं. एका मैत्रिणीच्या बिऱ्हाडी २० वर्षांचा डिलन गिटार घेऊन बसला आणि एका मित्रानं टेपरेकॉर्डर चालू ठेवला, इतकंच. त्याच वर्षाच्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला होता, कोलंबियानं त्याला करारबद्ध केलं होतं, पहिला अल्बम यायचा होता. (तो मार्च १९६२ मध्ये आला, पहिल्या वर्षात जेमतेम ५००० खपला आणि कंपनीतले लोक त्याला शोधून आणणाऱ्या जॉन हॅमंड यांची टिंगल करू लागले.) अशा घरगुती टेपा हा एक प्रकार. दुसरा प्रकार संगीत-प्रकाशकाकडच्या नमुन्यांचा. गाणं लिहिलं की ते प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन एकदा गायचं. तिथला माणूस टेपवरून स्वरलिपी उतरवणार, कॉपीराइटची नोंद होणार आणि टेपची नक्कल दुसऱ्या गायकांकडे जाणार, कुणी हे गाणं घेतंय का बघायला. विटमार्क या प्रकाशन संस्थेसाठी डिलननं १९६२ ते १९६४ या काळात अशी डझनावारी गाणी गायली. त्यांत खोकला ऐकू येतो, दार आपटल्याचा आवाज येतो. एका ठिकाणी तर तो गाणं मध्येच सोडून देतो, फार लांबलंय आणि कंटाळा आलाय म्हणून. त्या वेळी ही गाणी कुणी ‘ऐकण्यासाठी’ गात नव्हतं. कागदपत्र म्हणूनच ती गायली जात होती. ४७ गाण्यांचा तो संच २०१० मध्ये अल्बम म्हणून विकायला आला.

याशिवाय रेडिओवरचे कार्यक्रम, मैफिलींतल्या टेपा आणि स्टुडिओत घेऊन बाजूला ठेवलेली गाणी. एका एलपीवर दोन्ही बाजू मिळून ४०-४५ मिनिटं मावतात. लिहिता हात असेल तर प्रत्येक अल्बममागे बरंच काही शिल्लक राहणारच.

पण त्या पांढऱ्या रेकॉर्डनं खरी खळबळ उडवली ती वेगळ्याच सात गाण्यांमुळे. ती गाणी एका तळघरातून आली होती, आणि त्या तळघराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

जुलै १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला. त्याआधीचं वर्षभर तो जगभर इलेक्ट्रिक गिटार घेऊन फिरत होता आणि लोकगीतांचे जुने चाहते त्याची जागोजागी हुर्यो उडवत होते. अपघाताच्या निमित्तानं त्यानं सगळ्यातून अंग काढून घेतलं. १९६७ मध्ये त्याचे साथीदार वादक जवळच वेस्ट सॉगर्टीज इथे एका गुलाबी रंगाच्या घरात राहायला आले. हेच वादक पुढे ‘द बँड’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि ते घर ‘बिग पिंक’ म्हणून. घराला तळघर होतं. डिलन जवळजवळ रोज तिथे यायचा, टंकलेखन यंत्रावर काहीतरी बडवायचा, मग सगळे खाली जाऊन गायचे. जुनी लोकगीतं, खलाशांची गाणी, दुसऱ्यांची कंट्री गाणी आणि मधेच अगदी ताजं, त्याच दिवशी लिहिलेलं काहीतरी. ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसन टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचा. श्रोता नाही, निर्माता नाही, तारीख गाठायची नाही.

इथे एक आपल्या बाजूचा धागा आहे. त्याच सुमाराला डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यानं बंगालच्या बाउल गायकांचा एक चमू अमेरिकेत आणला होता. हडसननं त्यांची गाणीही त्याच घरात टेप केली आणि ती स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून बाहेर आली. डिसेंबर १९६७ मधल्या डिलनच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बमच्या कव्हरवर त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत ते पूर्णदास आणि लक्ष्मणदास बाउल. ज्या टेपरेकॉर्डरमुळे अमेरिकी लोकसंगीताचा एक अध्याय टिकला, त्याच्यापुढे बंगालची एकतारीही वाजून गेली.

तळघरातल्या गाण्यांपैकी १४ गाण्यांची एक नमुना-तबकडी प्रकाशकाच्या नावानं काढून इतर गायकांकडे धाडली गेली. तिचा परिणाम थेट होता. मॅनफ्रेड मॅन या ब्रिटिश गटानं त्यातलं ‘माइटी क्विन’ गायलं आणि १९६८ च्या फेब्रुवारीत ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचलं. बर्ड्स, पीटर-पॉल-मेरी, जूली ड्रिस्कॉल अशा अनेकांनी एकेक गाणं उचललं. म्हणजे गाणी घरोघरी वाजत होती, मूळ आवाज तेवढा अज्ञातवासात होता. नमुना-तबकडीच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या, एखादी चोरांच्या हाती पडली आणि बाकीचं वर आलंच आहे.

कोलंबियानं हा ऐवज अधिकृतपणे काढला तो १९७५ मध्ये, ‘द बेसमेंट टेप्स’ या नावानं. २४ गाणी होती, त्यांतली आठ डिलनशिवाय एकट्या बँडची. शिवाय मूळ टेपांवर मागाहून काही वाद्यं चढवली होती. समीक्षकांनी तोंडभर स्तुती केली, पण ज्यांनी चोरटी प्रत ऐकली होती त्यांना काहीतरी खटकत राहिलं. संपूर्ण ऐवज यायला २०१४ उजाडलं. हडसननं जपलेल्या रिळांवरून, टोरोंटोचे संगीत-संग्राहक यान हाउस्ट यांच्या मदतीनं, सहा सीडींवर १३० हून जास्त गाणी आणि गाण्यांचे तुकडे क्रमवार लावले गेले. त्या संचाला २०१६ मध्ये ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. काही तुकडे अर्ध्या मिनिटात संपतात, काहींत आवाज फाटतो. १९७५ च्या साफसूफ केलेल्या अल्बमपेक्षा हा पसारा मला जास्त प्रामाणिक वाटतो, पण सहाही सीडी सलग ऐकायला कुणी सांगितलं तर मी सबब शोधीन.

दरम्यान कोलंबियानं चोरांपुढे एक मजेदार शरणागती पत्करली होती. मार्च १९९१ मध्ये तिनं डिलनच्या अप्रकाशित ५८ ध्वनिमुद्रणांचा तीन सीडींचा संच काढला आणि त्याला नाव दिलं ‘द बूटलेग सीरीज, खंड १ ते ३’. चोरांचं नाव कंपनीनं स्वतःच्या मालावर छापलं. तेव्हापासून ही मालिका चालू आहे. २०२५ मध्ये तिचा अठरावा खंड आला.

पहिल्याच संचात एक गाणं होतं, ‘ब्लाइंड विली मॅकटेल’. १९८३ मध्ये ‘इन्फिडेल्स’ या अल्बमसाठी डिलननं ते गायलं होतं. स्वतः पियानोवर, सोबत मार्क नॉफ्लरची गिटार, बाकी काही नाही. अंध ब्लूज गायकाच्या निमित्तानं गुलामगिरीपासूनचा अमेरिकेचा दक्षिण भाग डोळ्यांपुढे उभा करणारं हे गाणं त्याच्या उत्तम गाण्यांत गणलं जातं. आणि अल्बममधून त्यानं ते वगळलं होतं! नीट जमलंच नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे द बँडनं ते गायलं, ते ऐकून १९९७ पासून तो स्वतःही मैफिलींत गाऊ लागला. वाद्यवृंदासह केलेलं दुसरं ध्वनिमुद्रण २०२१ च्या सोळाव्या खंडात आलं. त्या ध्वनिमुद्रणात ताकद भरपूर आहे, पण पियानो-गिटारवरचं ऐकल्यावर ते जरा बोलघेवडं वाटतं. डिलन मात्र दोन्हींबद्दल असमाधानी होता. कलावंत स्वतःच्या कामाचा चांगला परीक्षक असतोच असं नाही, एवढाच निष्कर्ष यातून काढून काही जण थांबतात. मला वाटतं मुद्दा तिथे संपत नाही.

लोकगायकाला गाण्याचा अंतिम पाठ ही कल्पनाच मुळात परकी. डिलननं आपली सुरुवातीची कितीतरी गाणी जुन्या चालींवर बेतली. त्याचा गुरू वूडी गथ्री हेच करायचा, गथ्रीच्या आधीचेही हेच करायचे. आज गायलं ते उद्या बदलायचं, एखादं कडवं गाळायचं, दुसरं घालायचं. ध्वनिमुद्रणानं त्यातलं एक गाणं, एका दुपारचं, पकडून ठेवलं आणि ‘हेच ते गाणं’ असं ठरवून टाकलं. मराठी वाचकाला पाठभेद नवीन नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हापासून कोणता पाठ खरा हा वाद आपण घालत आलो आहोत. मात्र तिथले भेद नकलकारांच्या हातून आणि काळाच्या ओघात आले. इथे कर्त्यानं स्वतः, एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत दहा पाठ तयार केले आणि दहाही टेपवर उतरले आहेत.

१५ आणि १६ जून १९६५ ला ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ ध्वनिमुद्रित झालं. २०१५ मध्ये आलेल्या बाराव्या खंडाच्या एका आवृत्तीत एक अख्खी सीडी या एकाच गाण्याला दिली आहे. पहिल्या दिवशी गाणं चक्क तीन मात्रांच्या लयीत, वॉल्ट्झसारखं डुलत चाललंय. दुसऱ्या दिवशी लय बदलली. त्या दिवशी अल कूपर नावाचा तरुण गिटारवादक निव्वळ पाहुणा म्हणून आला होता. संधी साधून तो ऑर्गनवर जाऊन बसला, जे वाद्य त्याला धड येत नव्हतं. त्या दिवसाचा चौथा टेक जमला. जगानं ऐकला तो हाच. गंमत पुढे आहे. चौथ्या टेकला आपण शिखर गाठलं हे खोलीतल्या कुणालाच कळलं नसावं, कारण त्यानंतर त्यांनी आणखी अकरा वेळा प्रयत्न केले आणि एकही धड उतरला नाही. ही सीडी ऐकताना गाण्याबद्दलचा एक गैरसमज गळून पडतो. ते गाणं अटळ होतं असं आपल्याला वाटत आलेलं असतं. ते तर निसटता निसटता सापडलं होतं. ५९९ डॉलर ९९ सेंट किमतीच्या, १८ सीडींच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीच्या ५००० प्रती काढल्या होत्या. ज्यांना सबंध कारखाना बघायचा नाही त्यांच्यासाठी दोन सीडींची आवृत्तीही होती, आणि बहुतेकांना तीच पुरे.

आता चोरांकडून कायद्याकडे. २०१२ च्या अखेरीस युरोपातल्या मोजक्या दुकानांत डिलनच्या १९६२ मधल्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा चार डिस्कचा एक संच गुपचूप विकायला आला. ना जाहिरात, ना पुस्तिका. घरी कॉम्प्युटरवर लिहितात तशा सीडी-आर. प्रती सुमारे १००. एवढ्या मोठ्या कंपनीनं एवढ्या मोठ्या गायकाचा संच शंभर प्रतींत का काढावा? नावातच उत्तर होतं, ‘कॉपीराइट एक्स्टेन्शन कलेक्शन’. २०११ मध्ये युरोपीय संघानं ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षं केली, पण एक मेख मारून. ध्वनिमुद्रण ५० वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेलं असेल तरच वाढीव २० वर्षं. कपाटात पडून राहिलं असेल तर पन्नास वर्षांनी ते सर्वांचं. म्हणून १९६२ चं ध्वनिमुद्रण ३१ डिसेंबर २०१२ च्या आत ‘प्रसिद्ध’ करणं भाग होतं. कायद्याला प्रसिद्धी हवी होती, खप नव्हे. कंपनीनं शंभर प्रतींत कायदा पाळला. पुढच्या वर्षी १९६३ ची ध्वनिमुद्रणं सहा एलपींवर, पुन्हा शंभर प्रती. त्याच डिसेंबरात बीटल्सचीही १९६३ मधली ५९ ध्वनिमुद्रणं आयट्यून्सवर अचानक उगवली, याच कारणासाठी.

कायद्याचा हेतू चांगला होता. कंपन्यांनी पन्नास वर्षं कुलपात ठेवलेलं संगीत लोकांपर्यंत यावं, नाहीतर त्यावरचा हक्क सोडावा. शंभर प्रतींनी त्या हेतूची थट्टाच केली, आणि त्या प्रतींच्या नकला लगेच इंटरनेटवर फिरू लागल्या. चोरांना थोपवण्यासाठी काढलेल्या संचांनी चोरांना आयता माल पुरवला! नंतर मात्र कंपनी शहाणी झाली. २०१६ मध्ये १९६६ च्या दौऱ्याची सगळी ज्ञात ध्वनिमुद्रणं ३६ सीडींत आली, २०२४ मध्ये १९७४ च्या दौऱ्याची २७ सीडींत. भारतात असली धावपळ संभवत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाची ६० वर्षांची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापुढच्या वर्षापासून मोजली जाते, त्यामुळे कपाटातल्या टेपच्या मालकाला घाई करण्याचं कारणच उरत नाही. आकाशवाणीच्या आणि खासगी मैफिलींच्या टेपांबद्दल हळहळणाऱ्या आपल्या रसिकांनी या कलमाकडेही एकदा पाहावं.

चोर आला नाही आणि मुदतही संपत आली नाही, तरी टेप स्वतः थांबत नाही. चुंबकीय फितीवर लोहकण एका चिकट लेपानं बसवलेले असतात. १९७० च्या दशकापासूनच्या काही बनावटींमध्ये हा लेप हवेतला ओलावा शोषतो. फीत चिकट होते, यंत्रात किंचाळते, लेप खरवडून निघतो. यावरचा उपाय ऐकायला अघोरी वाटतो. फीत ५०-५५ अंश सेल्सिअसला काही तास भाजायची. ओलावा निघून जातो, फीत काही आठवडे सरळ वाजते, तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची.

वूडी गथ्रीच्या बाबतीत तर फीतही नव्हती, तार होती. टेपरेकॉर्डर घरोघरी येण्याआधी केसाएवढ्या बारीक पोलादी तारेवर आवाज चुंबकानं नोंदवण्याची यंत्रं मिळत. तासाभराच्या आवाजाला दोन किलोमीटरहून जास्त तार. ती तुटली तर गाठ मारायची आणि पुढे चालू. १९४९ मध्ये न्यू जर्सीच्या न्यूअर्क शहरात गथ्रीचा कार्यक्रम झाला. बायको मार्जोरी प्रश्न विचारते, तो गोष्टी सांगतो आणि गातो, असा. श्रोत्यांतल्या एका विद्यार्थ्यानं तो आपल्या यंत्रावर घेतला. अर्धशतक उलटल्यावर, २००१ मध्ये, त्या तारेची दोन रिळं गथ्री अभिलेखागारात पोचली. मधल्या काळात तार कुठे ताणली गेली होती, कुठे गुंतली होती, आणि वेग ढळल्यामुळे आवाज हेलकावे खात होता. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक केव्हिन शॉर्ट आणि ध्वनितंत्रज्ञांनी मिळून क्षणाक्षणाचा वेग किती चुकला हे गणितानं शोधून तो सरळ केला. ‘द लाइव्ह वायर’ या नावानं ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००८ च्या ग्रॅमीत गणिताच्या प्राध्यापकांचा वाटा निघाला. स्टुडिओतला गथ्री आखडलेला वाटतो. या तारेवरचा गथ्री विषयांतरं करतो, गाण्यापेक्षा गाण्याच्या आधी जास्त बोलतो, आणि लोकगायक म्हणजे काय हे तिथे कळतं.

त्याच्या आणखी टेपा २०२५ मध्ये ‘वूडी ॲट होम’ म्हणून आल्या. १९५१-५२ मध्ये ब्रुकलिनच्या घरात, प्रकाशकानं दिलेल्या टेपरेकॉर्डरवर त्यानं स्वतःच गाऊन ठेवलेली गाणी. त्यात ‘डिपोर्टी’ आहे, मेक्सिकोला परत पाठवल्या जाणाऱ्या शेतमजुरांच्या १९४८ मधल्या विमान अपघातावरचं. दुसऱ्याच माणसानं लावलेल्या चालीवर हे गाणं जगभर गेलं. गथ्रीच्या स्वतःच्या आवाजातलं हे एकच ज्ञात ध्वनिमुद्रण. थोड्याच वर्षांत हंटिंग्टन रोगानं त्याचे हात आणि आवाज दोन्ही हिरावून घेतले.

कलावंत हयात नसला की प्रश्न जास्त अवघड होतो. इंग्लंडचा निक ड्रेक घ्या. जन्म रंगूनचा, वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता. १९६९ ते १९७२ या काळात तीन अल्बम, तिन्ही जवळजवळ न खपलेले, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये २६ व्या वर्षी मृत्यू. नंतर त्याची कीर्ती वाढली तशा त्याच्या घरगुती टेपांच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या. २००७ मध्ये बहीण गॅब्रिएल हिनं त्या ‘फॅमिली ट्री’ म्हणून अधिकृतपणे काढल्या आणि सोबतच्या पुस्तिकेत मृत भावालाच उद्देशून पत्र लिहिलं. तू असतास तर याला हो म्हणाला असतास का, ही शंका तिनं लपवली नाही. मी याला चोरांपुढची दुसरी शरणागती म्हणेन, पण पहिलीपेक्षा जास्त सभ्य. त्या संचात निकच्या आईची, मॉलीची, दोन गाणी आहेत. तीही घरीच टेप केलेली. ऐकणाऱ्याला धक्का बसतो, कारण निकच्या गाण्यांतली ती विषण्ण, आत वळलेली चाल आईच्या पियानोत आधीपासून होती. मॉलीनं आयुष्यात एकही रेकॉर्ड काढली नाही. तिचा स्वतंत्र अल्बम तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २०१३ मध्ये निघाला.

जोनी मिशेल हयात आहे आणि तिचा प्रवास उलटा. ‘लोकगायिका’ हे लेबल तिला अनेक वर्षं टोचत असे आणि १९६३ ते ६७ मधल्या आपल्या टेपांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. २०२० पासून तिनंच त्या खंडाखंडानं काढायला घेतल्या. दुसऱ्या खंडात एक टेप आहे, १९ मार्च १९६८, ओटावातलं ‘ल हिबू’ हे कॉफीहाउस. टेप करणारा माणूस स्टेजच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसून यंत्राची बटणं फिरवत होता, आणि तो होता जिमी हेंड्रिक्स. स्वतःचा कार्यक्रम आटोपून तो यंत्र घेऊन तिकडे आला होता. थोड्याच दिवसांत ते यंत्र टेपांसकट चोरीला गेलं. टेप सापडली ती अनेक दशकांनी, एका वादकाच्या खासगी संग्रहात.

सगळंच सापडत नाही. डिलननं ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण केला, मग डिसेंबरात मन बदलून अर्धा अल्बम मिनिआपोलिसला स्थानिक वादकांसह पुन्हा गायला. बूटलेग मालिकेच्या २०१८ मधल्या चौदाव्या खंडात न्यूयॉर्कचा शब्दन् शब्द आहे, आणि तोही मूळ वेगात. अल्बमवरच्या कित्येक न्यूयॉर्क टेपांचा वेग तेव्हा दोन-तीन टक्क्यांनी वाढवलेला होता, त्यामुळे चाळीस वर्षं लोक किंचित चढ्या स्वरातला डिलन ऐकत आले होते. मिनिआपोलिसची मात्र अल्बमवर गेलेली पाच गाणीच तेवढी शिल्लक आहेत. बाकीचे टेक कुणी ठेवलेच नाहीत. तिथल्या वादकांची नावंसुद्धा मूळ कव्हरवर नव्हती. ती छापून आली या खंडात, ४४ वर्षांनी.

डिलनचे कागद आणि टेपा २०१६ पासून ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात आहेत, २०२२ मध्ये उघडलेल्या बॉब डिलन सेंटरमध्ये, गथ्रीच्या संग्रहालयाला लागून. हा संग्रह एक लाखावर वस्तूंचा आहे. अठरावा खंड १९५६ पासून सुरू होतो, म्हणजे १५ वर्षांच्या शाळकरी मुलानं वाद्यांच्या दुकानात पैसे देऊन कोरून घेतलेल्या तबकडीपासून. पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा तर संग्रहापेक्षा युरोपीय कॅलेंडर बघणं बरं. १९७६ सालच्या मैफिलींना २०२६ मध्ये पन्नास वर्षं होतात, आणि त्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपते.